तोंडी परीक्षा

भीमराज मुनेश्वर घाटंजीच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांचे रूळ घासायचे, पट्टे बदलायचे, प्रेसमध्ये रुईची गठाण अडकली की अंग चोरून आत शिरायचं आणि ती मोकळी करायची, हे त्याचं काम. त्यात त्याला कधी भेव वाटलं नाही. पण त्याची पोरगी बारावीच्या परीक्षेत जिल्ह्यात दुसरी आली आणि त्या दिवसापासून त्याच्या घरात भीती जी राहायला आली, ती काही गेली नाही.

पोरीचं नाव सत्यशीला. घरात सगळे शीला म्हणत. ती अडखळत बोलायची. लहानपणी वाटलं, मोठी झाली की सुटेल, पण ते सुटलं नाही. कधी चार वाक्यं सरळ जात आणि पाचव्याला एखादं अक्षर घशात रुतून बसे. जबडा ताठ होई, डोळे मिटत आणि आवाज म्हणून काही निघत नसे. त्यातही ‘स’ सगळ्यात वाईट. आपलंच नाव तिला सांगता येत नसे.

शाळेत त्यामुळे काही बिघडलं नाही. हजेरीला ती हात वर करायची. पेपर लेखी असायचे आणि कागदावर तिची लेखणी कुठं अडत नव्हती. वर्गात तिला कुणी काही विचारत नसत. विचारलंच तर शेजारची मैत्रीण उत्तर देऊन टाकायची.

तिला फिजिक्सचं वेड लागलं ते जिनातच. हिवाळ्यात कोरड्या हवेत रुई हाताला चिकटते, झटकली तरी सुटत नाही. ती सहावी-सातवीत असताना तिनं विचारलं, काहून चिकटते? भीमराज म्हणाला, रुईच हाय ते, चिकटनारच. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. ती आठवडाभर कंगवे, फुगे आणि पेनाची टोपणं घेऊन अंगणात बसली होती.

ही गोष्ट २००६ सालची. त्या वर्षी कापसाचं सगळंच बिघडलेलं होतं. भाव उतरले होते, जिनिंगा हंगाम अर्धा असतानाच बंद पडत होत्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर लिहायला दिल्लीचे पेपरवाले गाड्या घेऊन गावोगाव फिरत आणि अनोळखी गाडी कुणाच्या दारासमोर थांबली की आजूबाजूच्या बायका हातातलं टाकून दाराशी येत. भीमराजच्या जिनात निम्मे रेचे फडक्यांनी झाकून ठेवलेले होते. माणसं कमी केली होती. फिटर लागतो म्हणून तो होता. किती दिवस, ते मालकालाही ठाऊक नव्हतं.

अशात एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या. शीलाचा अमरावतीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला नंबर लागला. आणि दिल्लीहून फोन आला, की रशियन सरकारच्या स्कॉलरशिपसाठी तिची निवड झालेली आहे. विषय फिजिक्स. सप्टेंबरात निघायचं.

पहिली बातमी ऐकून भीमराजनं वस्तीत पेढे वाटले. दुसरी ऐकून त्यानं शीलाच्या आईकडं, बेबीकडं पाहिलं. ती शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. तिच्या हातातली परात तशीच राहिली.

“रशिया म्हंजे?” ती म्हणाली. “ते बर्फाचं?”

हा अर्ज शीलाकडून भरून घेतला होता उत्तमसिंग राठोड सरांनी. ते कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. वसंतनगरच्या तांड्यातून आलेला माणूस, फार बोलत नसे, पण एखादं पोरगं डोळ्यांत भरलं की त्याच्या मागं लागायचा. दुसऱ्या दिवशी भीमराज त्यांच्या घरी गेला.

“सर, रशियालेच जायचं तं तिथं इंजिनेरिंग नाई का भेटत?”

“भेटतं. पण तिनं अर्जात फिजिक्स लिहिलं आणि जागा फिजिक्सचीच आहे. तिकडे पहिल्या दिवसापासून तुमचा विषय ठरलेला. आपल्याकडे कसं, पहिलं वर्ष सगळ्या इंजिनिअरिंगला सारखंच असतं, एखादा पेपर राहिला तर एटीकेटी घेऊन पुढं सरकता येतं. तिकडे आधी वर्षभर त्यांची भाषा, मग पाच वर्षं तोच एक विषय. मध्येच बदलता येत नाही.”

“अन् पेपर राहिला तं?”

“दोनदा पुन्हा देता येतो. त्याउपर नाव काढतात.”

“अन् फिजिक्स करून पोरगी करन काय? मास्तरीनच ना?”

पुढचं भीमराजनं गिळलं. पण सरांना ते ऐकू आलंच असावं. इथं फिजिक्स शिकलेल्याला मास्तरकीवाचून दुसरं काय होतं? आणि ही पोरगी वर्गापुढं उभी राहून शिकवणार कशी? इंजिनिअरचं तसं नसतं. मशीन कुणाशी बोलायला सांगत नाही. ड्रॉइंग काढा, माप घ्या, पगार घ्या.

सर म्हणाले, “मी स्वतः कधी देशाबाहेर गेलो नाही, भीमराजभाऊ. मी सांगतो ते पुस्तकातलं. माझाच एक विद्यार्थी तिकडे जाऊन आला, वणीचा. अमर. मी आधी वणीलाच शिकवायला होतो. तो इंजिनिअरिंगला गेला होता आणि अर्ध्यातून वापस आला. तुम्ही त्याला भेटा. माझं ऐकून पोरगी पाठवू नका.”

सर खरं बोलत होते, आणि तेच भीमराजला जास्त झोंबलं. सरांनी ‘काही भेव नाही’ म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पांढरकवडा, मारेगाव करत बापलेक वणीला पोचले तेव्हा ऊन चांगलंच तापलेलं होतं. अमरचं घर कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून होतं. दारातल्या तुळशीपासून खिडकीच्या गजांपर्यंत सगळ्यावर काळी धूळ बसलेली. अमरचे वडील नानाजी कपाशी-तुरीचे बऱ्यापैकी शेतकरी. त्यांनी आदरानं बसायला सांगितलं, चहा दिला आणि हळूच म्हणाले, “त्याले जास्त खोदून इचारू नका, बरं का. मुडात असला तं सांगन.”

अमर आतून आला. पंचविशीचा असेल. दाढी वाढलेली. भर दुपारी खोलीच्या दोन्ही खिडक्या बंद होत्या आणि तो पलंगावर भिंतीला पाठ लावून बसला, दार डोळ्यांसमोर येईल असा.

“कोन चाललं? ही?” त्यानं विचारलं. “इंजिनेरिंग?”

“फ... फिजिक्स,” शीला म्हणाली.

“फिजिक्सवाले आमच्या वरच्या मजल्यावर होते. तास संपला तरी फळा सोडत नव्हते साले.” तो किंचित हसला. मग तिनं त्याला विचारलं, तिकडं शिकवतात कसं? हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेला नसावा. येणारे सगळे बर्फ, दारू आणि गोऱ्या पोरींचं विचारत. तो एकदम मोकळा झाला. प्रयोगशाळा रात्रीपर्यंत उघडी असते म्हणाला, म्हातारे प्रोफेसर खडूनं कोटाच्या बाह्या पांढऱ्या करून घेतात म्हणाला, एक गणित सोडवायला तीन तास दिले तरी कुणी हटकत नाही म्हणाला.

“अन् परीक्षा?” भीमराजनं विचारलं.

“तोंडी. सगळी तोंडी.” अमरनं हवेत चिठ्ठी उचलल्यासारखं केलं. “टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या राहतात. एक उचलायची. त्यातल्या प्रश्नावर थोडा वेळ इचार करायचा, अन् मग प्रोफेसरच्या समोर बसून बोलायचं. त्यायच्या भाषेत. तो मधातच काहीबी इचारते. अडकला की गेला. तिसऱ्यांदा तं तिघंजन बसतात समोर. तिथं मी...”

तो थांबला. शीलाकडं त्याचं आता नीट लक्ष गेलं. तिचे ओठ हलत होते. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि ते येत नव्हतं. डोळे मिटलेले, गळ्याची शीर ताणलेली. अमर तिच्याकडं बघत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते भीमराजला पाहवेना.

“हिले असं...” अमर भीमराजकडं वळून म्हणाला. “नेहमी असं होते?”

भीमराज उत्तर देणार तेवढ्यात रस्त्यावर धाडकन आवाज झाला. भिंत हादरली. दुसऱ्या क्षणी अमर पलंगावर नव्हता. तो कपाटाच्या बाजूच्या कोपऱ्यात पोटाशी गुडघे घेऊन पडला होता, दोन्ही हात डोक्यावर, आणि तोंडातून भलत्याच भाषेतले शब्द भराभर येत होते.

नानाजी धावत नाही आले. सवयीनं आले. कोपऱ्यात उकिडवे बसले आणि पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणत राहिले, “टायर होता, बाबू. ट्रकचा टायर फुटला. पाह्य ना, टायर होता.”

दारात सोडायला आल्यावर नानाजी म्हणाले, “तिकडं स्टेशनावर पाचसहा पोट्ट्यायनं घेरलं होतं त्याले. रंगानं काया हाय म्हनून. बाकी काही कारन नाई. परीक्षेत अडकला तो त्या मारहानीच्या मागून.” मग ते आणखी हळू बोलले. “मी भरपूर हौसेनं पाठवला होता, भाऊ.”

परतीच्या एसटीत बापलेक बोलले नाहीत. मारेगाव मागं पडल्यावर शीला खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, “बाबा, आपन अ... अमरावतीलेच जाऊ.”

“हाव,” भीमराज म्हणाला. त्याला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं धुळीवर ढकललं.

अमरावतीच्या कॉलेजात कागद तपासायला रांग होती. नियम असा होता, की मार्कशीट आणि दाखला, दोन्ही अस्सल प्रती कॉलेजात जमा करायच्या. एकदा जमा झाल्या की त्या चार वर्षं तिथंच. रशियाला जायचं तर त्याच अस्सल प्रती दिल्लीला लागणार होत्या. म्हणजे आज त्या टेबलावर ठेवल्या की दुसरा रस्ता आपोआप बंद. भीमराजला हे माहीत होतं आणि कधी एकदा ठेवतो असं त्याला झालं होतं. फाइल त्यानं छातीशी धरली होती.

पहिल्या टेबलावरच्या बाबूनं मान वर न करता विचारलं, “नाव?”

शीलानं तोंड उघडलं. ‘स’ अडकला. भीमराजला तिची मान मागून दिसत होती. ती ताठ झालेली त्यानं पाहिली. रांगेतला एक बाप घड्याळ बघू लागला. दोन पोरी एकमेकींकडं बघून तोंडावर हात ठेवून वळल्या. बाबूनं मान वर केली. “अगं, नाव सांग ना. नाव विसरलीस?”

आजवर भीमराजनं एक गोष्ट कटाक्षानं पाळली होती. पोरीचं वाक्य त्यानं कधी पुरं केलं नव्हतं. बेबी करायची, मास्तर करायचे, मैत्रिणी करायच्या, तो नाही. कितीही वेळ लागो, तो वाट बघायचा. पण त्या दिवशी त्याच्या अंगात अमरच्या खोलीतली भीती अजून तशीच होती.

“सत्यशीला भीमराज मुनेश्वर,” तो म्हणाला.

“शाखा?”

“मेकॅनिकल.”

“पत्ता?”

त्यानं सांगितला. पुढचे सगळे प्रश्न बाबूनं त्यालाच विचारले, शीलाकडं त्यानं पुन्हा पाहिलंही नाही. काम दोन मिनिटांत झालं. “अस्सल प्रती पलीकडच्या टेबलावर द्या. नाव पुकारतील,” तो म्हणाला.

वळून पाहतो तर शीला नव्हती. ती बाहेर कडुनिंबाखाली उभी होती. रडत नव्हती.

“बाबा, माहं नाव तुमी काहून सांगतलं?”

“रांग होती ना मागं, बाई. लोक...”

“बी. एस्सी. असो का इंजिनेरिंग, इथं स... सगळं लिहूनच होते. मी चार वर्षं लिहीन. पहिली येईन. अन् कोनीच मले काही इचारनार नाही. माह्या तोंडाची इथं को... कोनाले गरजच नाही.” ती थांबत, अडत, पुन्हा सुरू करत बोलत होती आणि भीमराज या खेपेला थांबला होता. “मले तं मशीन चालवायची नाही, बाबा. मले ते काहून चालते ते पाह्यचं हाय. तुमाले ठाऊक हाय ते. अन् मले लई भेव वाटते. अमरदादाले पाहून आली तवापासून मी जेवली नाही नीट. पन...”

“मंग कायले जातं?” भीमराजचा आवाज चढला. झाडाखालची माणसं बघू लागली. त्याला पर्वा राहिली नव्हती. “मरायचं हाय काय तुले? पाचजनायनं घेरलं, तं ओरडशील तरी काय? आवाज निघन तुह्या तोंडातून?”

बोलून गेल्यावर त्याला स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. शीलाचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली,

“इथंबी कुठं निघते, बाबा?”

आतून नाव पुकारलं गेलं. सत्यशीला भीमराज मुनेश्वर. भीमराजच्या हातात फाइल होती. पाय आत न्यायचे की नाही, हे पायांना कळत नव्हतं. आत गेलो तर पोरगी जवळ राहील, जिती राहील, आणि जन्मभर तिचं नाव दुसरं कुणीतरी सांगत राहील. नाही गेलो तर? पुढचं त्याला दिसत नव्हतं. दिसत होता तो कपाटाजवळचा कोपरा.

नाव पुन्हा पुकारलं. शीलानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ठरवायचं त्याच्यावर सोडून ती जमिनीकडं बघत होती. मग आतल्या माणसानं पुढचं नाव घेतलं आणि दुसऱ्या कुणाचा तरी बाप लगबगीनं आत गेला.

“चाल,” भीमराज म्हणाला. “बस सुटन.”

बेबी त्याच्याशी महिनाभर धड बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, बस्स. संध्याकाळी विहारात जाऊन मूर्तीसमोर बसायची आणि वंदना संपून बायका घरी गेल्या तरी उठायची नाही. शीला दिल्लीच्या गाडीत बसली त्या दिवशी एवढंच म्हणाली, “तुमी पाठवून राह्यले. मी नाई.”

वर्षभर भाषा शिकण्यात गेलं. दर पंधरवड्याला जिनाच्या ऑफिसात शीलाचा फोन यायचा. तिथले दिवाणजी वामनराव भला माणूस, फोन आला की पोऱ्याला हाक न मारता स्वतः प्रेसपर्यंत चालत यायचे. फोनवर शीला जास्तच अडायची. तरी सांगायची, जेवते, झोपते, थंडी आहे. अंधार पडल्यावर बाहेर जात नाही. आम्ही सगळ्या परदेशी पोरी घोळक्यानंच निघतो. का, ते ती सांगत नसे आणि भीमराज विचारत नसे. पेपरात तिकडच्या मारामारीची बातमी आली की तो ते पान वामनरावांकडून मागून घ्यायचा आणि भट्टीत टाकायचा. बेबीला वाचता येत होतं.

दुसऱ्या वर्षी खरा अभ्यासक्रम सुरू झाला आणि जानेवारीत पहिली परीक्षा. फिजिक्समधलाच यांत्रिकीचा विषय. फोनवर शीला म्हणाली, चिठ्ठी उचलली, प्रश्न येत होता. सगळा येत होता. प्रोफेसरसमोर बसले आणि पहिलाच शब्द अडकला. ते थांबले, मग त्यांनी घड्याळ पाहिलं. नापास.

फेब्रुवारीत पुन्हा. पुन्हा तेच. लिहून देऊ का म्हणून तिनं विचारलं, तर ते म्हणाले, इथं लिहून चालत नाही.

आता तिसरी वेळ. तिघंजण समोर बसणार. त्यात राहिली तर नाव निघणार, व्हिसा जाणार. आणि इथं? अमरावतीची जागा कधीच दुसऱ्याला गेली होती. दोन वर्षं वाया गेलेली पोरगी, हातात काही नाही, आणि लोक विचारणार, काय झालं ते सांग ना. भीमराजला झोप लागेनाशी झाली. डोळा लागलाच तर अमर दिसायचा, पण त्याचं तोंड शीलाचं असायचं.

परीक्षेच्या दिवशी तो सकाळपासून जिनाच्या ऑफिसात जाऊन बसला. हंगाम आटोपला होता, रेचे बंद होते. आवारात उरलेल्या सरकीत चिमण्या टिपत होत्या. वामनरावांनी दोनदा चहा मागवला. भीमराजनं दोन्ही वेळा तो गार होऊ दिला. दुपार कलली आणि फोन वाजला. वामनराव उठून बाहेर गेले.

“हॅलो,” भीमराज म्हणाला.

पलीकडून काही आलं नाही. तारेतली खरखर. लांब कुठंतरी दार आपटल्याचा आवाज.

“शीला?”

काही नाही. भीमराजनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. ही तिची अडकलेली शांतता की दुसरीच कुठली? फोनवर तिची मान दिसत नव्हती, मिटलेले डोळे दिसत नव्हते. तिच्याजागी दुसरंच कुणी असलं तर? तिला काही झालंय हे सांगायला कुणी फोन केला असला आणि त्याला आपली भाषा येत नसली तर? घशाशी आलेले शब्द त्यानं दाबून धरले. बोलायचं नाही. वाट बघायची.

“ब... बाबा.”

“हाव. हाव, बाई.”

“त...” ती अडली. “त... त...”

‘त’ वरून काय काय निघू शकतं, ते त्या वेळात भीमराजच्या डोक्यात फिरून गेलं. तिकीट. तिकीट काढलं, मी वापस येऊन राह्यली. असंच असणार. त्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला.

“तीन,” शीला म्हणाली. “तीन भे... भेटले.”

“तीन?”

“तीन मार्क.”

तीन. जिल्ह्यात दुसरी आलेली पोरगी, आणि तीन. आपण त्या टेबलावर कागद ठेवायला पाहिजे होते. आपणच त्या दिवशी... पण आता तिला हे कळू द्यायचं नव्हतं.

“बरं बरं,” तो म्हणाला. आवाज कसाबसा सरळ ठेवला. “काही नाही होत, बाई. वापस ये तू. इथं पाहू आपन. तुह्या आईले मी सांगतो. तू फक्त सुखरूप ये.”

पलीकडून एक विचित्र आवाज आला. रडतेय असं त्याला वाटलं. ती हसत होती.

“बाबा, पाचातले तीन. इथं शंभर नसतात. पाचच असतात. तीन म्हंजे प... पास.”

आता भीमराजच अडकला होता.

“तिघं होते,” शीला सांगत होती. “पहिले नाव इचारलं. मी सांगतलं. लई वेळ लागला. एक म्हातारी बाई होती त्यायच्यात, तिनं पेन खाली ठेवला अन् खिडकीबाहेर पाहत बसली, माहं होईपर्यंत. मंग प्रश्न. मी बोलली, बाबा. सगळं नाही बोलता आलं, म्हनून तीन. पन बोलली.”

“हाव,” भीमराज एवढंच म्हणू शकला.

“जूनमधात अजून चार हायेत. चारही तों... तोंडी.” तिचं हसू तिथं संपलं. “बाबा, मले आतापासून...”

लाइन तुटली. त्यानं रिसीव्हर बराच वेळ कानाशी धरून ठेवला, पुन्हा वाजेल म्हणून खाली ठेवला, आणि आणखी थोडा वेळ बसून राहिला. वाजला नाही.

तो तसाच बेबीच्या शाळेत गेला. शाळा सुटलेली होती. बेबी हौदाजवळ खिचडीचं पातेलं राखेनं घासत होती. त्याला येताना पाहून तिचे हात थांबले. गेले कित्येक दिवस तिनं ना परीक्षेचं नाव काढलं होतं, ना तारीख विचारली होती. पण तिला सगळं माहीत होतं.

“पास झाली,” तो म्हणाला.

बेबी खाली बसली. राखेचेच हात तिनं तोंडावरून फिरवले. थोड्या वेळानं मान वर केली.

“अन् तब्येत? आवाज कसा होता?”

“बरा होता. हसली.”

“अन् तिथलं ते? मारामारीचं? येता-जाता कोनी सोबतीले असते का नाई? परीक्षेहून एकटीच गेली का ती आज?”

भीमराज उभाच होता. त्यानं विचारलंच नव्हतं. तीनच्या नादात तो ते विसरून गेला होता, आणि ती खोलीवर पोचली की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

“पुढच्या फोनले इचारतो,” तो म्हणाला.

बेबीनं पातेलं त्याच्याकडं सरकवलं आणि स्वतः झाकण ओढून घेतलं. भीमराजनं बाह्या वर केल्या, राख घेतली, आणि दोघं हौदाशी बसून भांडी घासू लागले.